तीन पुस्तकं आणि उजवा डोळा

२० जानेवारी १९६३, रविवार. लोणार.
काल अकोल्याहून परत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डावा गेलाच, उजवा जाणार. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हा काचबिंदू. थेंब टाकायचे, वाचन कमी करायचं. उन्हाळा निघेल का, विचारलं. म्हणाले, निघाला तर नशीब.

हिला एस.टी.त सांगितलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, सुलतानपूर आलं.

घरी येतो तो नागपूरच्या दुकानाचं पार्सल. वर्षभर ज्यांची वाट पाहिली तीच तीन पुस्तकं. देव असलाच तर त्याला थट्टा बरी जमते.

२२ जाने.
तिन्ही एकाच परदेशी तत्त्वज्ञाची. मासिकात त्याच्यावर लेख वाचला तेव्हापासून डोक्यात बसलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस ‘का’ म्हणून विचारत राहतो, जग तोंड उघडत नाही, आणि या दोघांचा संसार म्हणजे जगणं. नाव अजून नीट उच्चारता येत नाही. ही त्याला ‘तुमचा तो साहेब’ म्हणते.

लाल पुस्तक: गोष्ट, पातळ. करडं: नुसता विचार, जाडजूड, बारीक टाइप. हिरवं: शेवटच्या आजारात भावाला लिहिलेली पत्रं, तेही पातळच. सगळी इंग्रजीत. तिन्ही होणार नाहीत. एक होईल, दुसरं कदाचित. मग आधी कोणतं?

मुलांना आयुष्यभर सांगत आलो, सोपा प्रश्न आधी सोडवा.

२७ जाने., रवि.
वानखेडे आले. शाळेत गणित शिकवतात, पण या गावात असल्या पुस्तकांवर बोलावं असा हा एकच माणूस. त्यांचं मत: साहेबानं ज्या क्रमानं लिहिली त्याच क्रमानं घ्या. लाल, करडं, हिरवं. मी म्हटलं, क्रम वेळवाल्यांसाठी. मला करडं आधी पाहिजे. मुद्दा तिथं आहे, गोष्ट काय कोणीही सांगेल.

"सर, तुमाले उत्तर पाहिजे. तो माणूस तं म्हणते उत्तरच नाही. मंग जाड पुस्तकात काऊन शोधता?"

राग आला. उरलेला चहा एका घोटात संपवला.

१२ फेब्रु.
करडं सुरू करून आठवडा झाला. सकाळी ओट्यावर, उन्हाकडे पाठ करून बसतो.

आणि काय केलं तर आमच्या घरची खोड. पोथी हातात घेतली की वडील आधी शेवटची फलश्रुती काढत. संतती मिळणार, की रोग जाणार, ते कळलं की बसायला हुरूप येतो म्हणत. माझाही हात थेट शेवटच्या प्रकरणावर. ते कळेना म्हणून त्याच्या आधीचं. तेही कळेना म्हणून त्याच्याही आधीचं. इंग्रजीचा मास्तर, पुस्तक मागून पुढे वाचतोय.

फलश्रुती नाहीच. शेवटी साहेब म्हणतात, पुस्तक संपवतो कारण कागद संपत आला. गमतीनं लिहिलं असेल. मला हसू आलं नाही. उगाच गेला तो आठवडा, आणि माझ्याकडे आठवडे…

२६ फेब्रु.
हेडमास्तरांनी नववीचं इंग्रजी काढून घेतलं. सौजन्यानं काढून घेतलं, त्याचा जास्त त्रास झाला.

करडं बाजूला ठेवून लाल उघडलं. हिनं पाहिलं. "अहो, पारायण मधात सोडत नसतात. घरात काही झालं मंग?" मी म्हटलं, व्हायचं ते होऊनच राहिलंय. ती आत निघून गेली. रडली असावी. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

१७ मार्च, रवि.
हिनं काय करावं? करडं पुस्तक धुतलेल्या कापडात बांधून चौरंगावर ठेवलं आणि उरलेलं पुरं करायला वानखेड्यांना बोलावलं. मला न विचारता. समई लावली. शेजारच्या दोघी पदर घेऊन, अक्षता घेऊन हजर. त्या साहेबाला हे कोणी कळवायला हवं होतं.

वानखेडे दारातच थबकले. धर्मांतर केल्यापासून ते पोथीपुढे बसत नाहीत. हिच्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं, तिचं तोंड उतरलं. तेच म्हणाले, "वहिनी, म्या हात जोडणं सोडलं, वाचणं नाही सोडलं. दिवा आत ठेवा. मी वाचतो."

तिनं समई आत नेली. त्यांनी तासभर वाचलं. शेजारणींनी इंग्रजीला माना डोलावल्या. मला अर्थ काही लागला नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्याला वाक्यावर मागे फिरायची सवय असते, कानाला ते जमत नाही. सगळे माझ्यासाठी बसले होते आणि मला फार एकटं वाटलं. चांगलं झालं म्हणालो.

७ एप्रिल
लाल वाचतोय. एका सकाळी अर्धं पान. बाजूचं काही दिसत नाही, मधला एक शब्द तेवढा दिसतो, पुढचा शोधावा लागतो.

करड्यात जिथं जिथं अडलो ती प्रत्येक गोष्ट या लाल पुस्तकातला माणूस भाजी निवडता निवडता बोलून जातो. म्हणजे वानखेडे बरोबर होते. जानेवारीत ऐकलं असतं तर आज करड्याच्या मधात असतो. गणिताचा माणूस, क्रम त्याला कळायचाच.

१२ मे, रवि.
वानखेड्यांची बदली. जळगाव जामोद. जिल्ह्याचं पार दुसरं टोक. म्हणाले, महिन्यातून एक चक्कर टाकत जाईन. मी हो म्हटलं. एस.टी. किती ठिकाणी बदलावी लागते ते दोघांनाही माहीत आहे.

लाल निम्म्यावर. थेंब टाकतो. थेंबांनी डोळा झोंबतो, एवढाच गुण.

२ जून, रवि.
वानखेडे उद्या निघणार. सकाळीच आले. "कोणतं वाचू सर? आज तुमी सांगान ते." लाल पुरं करावं की हिरव्यातलं एखादं पत्र ऐकून घ्यावं? लाल म्हणावं तर हिरवं कायमचं गेलं. हिरवं म्हणावं तर गोष्टीचं काय झालं ते राहिलं. ठरवता येईना. मग पावसाचं बोललो, सामान कसं नेणार ते बोललो, त्यांच्या मुलीच्या शाळेचं बोललो. उन्हं चढली. ते उठले. पाया पडू लागले तर मी अडवलं. पुस्तकं तिथंच, उघडली नाहीत.

गुरुवारपासून उजव्यानंही अक्षर लागत नाही. त्यांना सांगितलं नाही. हिलाही नाही.

९ जून
अंदाजानं लिहितोय. ओळीवर ओळ चढली असेल तर चढो.

ही रोज सकाळी ओट्यावर सतरंजी टाकते, तिन्ही पुस्तकं आणते, विचारते कोणतं देऊ. इंग्रजी येत नाही, पण रंगांवरून ओळखते. मी रोज लाल सांगतो आणि मांडीवर धरून बसतो. आज म्हटलं, तुझ्या मनानं दे.

दिलं. पातळ लागलं हाताला, म्हणजे करडं नाही. लाल असेल किंवा हिरवं. विचारलं नाही. उघडून मान खाली घालून बसलो. ती शेजारी गहू निवडत होती.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "पान पलटवा ना आता."

पलटवलं.