आतड्याचा फोटो

१० नोव्हेंबर
चहात दूध नाही! या पातकाला धर्मशास्त्रात प्रायश्चित्त नाही, कारण कुणी ते करील अशी ऋषींना शंकाच आली नसावी. उद्या गोंदियाला माझ्या मोठ्या आतड्याचा सीटी स्कॅन. आज फक्त आरपार दिसेल तेवढंच प्यायचं. बाबा याच आतड्याच्या कॅन्सरनं गेले. डॉक्टर म्हणाले, मुलांनी तपासून घ्यावं. आत घालायच्या दुर्बिणीला मी भ्यालो — म्हणून नुसते फोटो.

संध्याकाळी केशोरीहून माझा थोरला भाऊ बकारामदादा आला, सोबतीला. धानकापणी टाकून. काळ्या चहावर बसलेला मी बघून त्यानं माझ्या बायकोला, सुशिलेला झापलं आणि नव्या तांदळाची पेज शिजवायला लावली. "अबे, पेज का जेवण आहे? पाणीच त आहे थे." आमच्या धानपट्ट्यात पेजेपुढे वेदही गप्प. दोन वाट्या प्यायलो. वर जुलाबाचं औषध.

११ नोव्हेंबर
परत पाठवलं. तांदळाचा गाळ आणि गाठ फोटोत सारखेच दिसतात म्हणे. परतताना आमचं गोरेगावचं घर येईपर्यंत दादाचं एकच — डॉक्टर बाहेरचा, त्याले पेज का मालूम!

१४ नोव्हेंबर
झालं एकदाचं. अपानवायूची गती खाली, असं शिकलो होतो. इथं नळी लावून तो उलटा वर चढवतात! आधी उताणा, मग पालथा. वार्ताहर म्हणून जन्मभर पुढाऱ्यांत हवा भरली, आज फेड झाली.

बाहेर दादा तिथल्या माणसाला खोदून विचारत होता — दुखते का, गाठ निघाली तर पुढं का करतेत. म्हटलं, दादा, बातमी मी देतो, तू काऊन मुलाखत घेऊन राहिला? हसला नाही.

१५ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. आतडं निर्मळ — घरात एवढी एकच वस्तू स्वच्छ, असं सुशिला म्हणते. केशोरीला परतलेल्या दादाला फोन लावला. रिपोर्ट त्यानं दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "मले संडासले रक्त पडून राहिलं. पोळ्यापासून. तुहं होऊन जाऊ दे म्हटलं आधी."

१६ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, याला फोटो नको, थेट दुर्बीण. उद्या दादाला नागपूरला नेतो.
बाबांचंही असंच रक्तानं सुरू झालं होतं. दादा जाईल, याची मला फार भीती वाटते.