जोडीचं तिकीट

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच झालेला समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? दूधवाला अजून पाणीच घालतो का? मी इथे लेकीकडे सुखरूप आहे, म्हणजे उपाशी नाही आणि कोणाशी भांडलेली नाही. जावईबापूंशी थोडं झालं, ते धरत नाही.

लेक म्हणते, आता कायमची इकडेच राहा. (मग घरात तुम्ही एकट्याच, हे ना ती बोलली ना मी.) मी म्हटलं, आधी बघू दे मला एकटीला या शहरात हिंडता येतं का. आधी वडिलांनी न्यायचं, मग तुमच्या भावाने, आता जावयाने गाडीत घालून सोडायचं. मी काय पार्सल आहे? रविवारी उत्तर देते म्हटलं आणि शनिवारी सकाळी पिशवी घेऊन शहरातल्या शहरात धावणाऱ्या गाडीच्या स्टेशनवर गेले.

वाचायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. (शाळेत फारसं पाठवलं नाही, त्याचा सूड मी उभा जन्म छापील कागदावर घेतला, पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही.) दरांची पाटी पहिल्या ओळीपासून वाचत गेले. मागे रांग वाढली. एक बाई म्हणाली, "मावशी, परीक्षा आहे का?" पण त्यामुळेच सापडलं. दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा, असं एक तिकीट होतं, फक्त जोडीचं. एकटीने नुसतं जाऊन यायचं तरी त्याहून जास्त पडत होतं. का, ते खिडकीतल्या माणसालाही सांगता आलं नाही. घेतलं. दोघांनी एकाच डब्यात बसावं, ही पाटीवरची शेवटची ओळ मात्र कुंडीतल्या झाडाआड होती. (नियम छापायचा आणि त्याच्यापुढे झाड लावायचं, हा कुठला कारभार?)

पुढे सगळं छान चाललं. खिडकी मिळाली. टोकापर्यंत गेले, उतरलेच नाही, परत आले, दुसऱ्या फाट्याला गेले. बघायला काय होतं म्हणाल तर लोकांचे वाळत घातलेले कपडे. (या शहरात पायजम्यांच्या नाड्या फार लांब ठेवतात.) तेवढ्यात तिकीट तपासनीस आला.

"दुसरे कोण?"

"आमचे हे."

"कुठायत?"

वन्सं, यात चूक माझी नाही, आपल्या घराची आहे. वर्ष झालं, तुम्ही नि मी तो सरळ शब्द काही तोंडातून काढला नाही. आल्यागेल्याला तुम्ही सांगता, भाऊ पुढे गेला. मलाही तीच सवय. तोंडातून निघून गेलं, "ते पुढे गेले."

"पुढच्या डब्यात?"

"बरंच पुढे."

दिसायला कसे आहेत, त्याने विचारलं. आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी सांगतच सुटले. टक्कल आहे, पण कानांवर केस आहेत. स्वेटरचं बटण एक घर खाली लागलेलं असतं. कोणा अनोळखी माणसाला घड्याळ कसं दुरुस्त करावं ते सांगत असतील, आणि त्याने ते विचारलेलं नसेल. तपासनीस गेला. मला वाटलं, कंटाळून नाद सोडेल. पण पुढचं स्टेशन गेलं नि हा परत हजर, सोबत एक गृहस्थ! टक्कल, कानांवर केस, स्वेटर.

"काकू, हे घ्या तुमचे. फक्त घड्याळाऐवजी पंख्याचं सांगत होते."

गृहस्थ घाबरून म्हणाले, "बाई, मी तुमचा नाही हो."

"ते मला दिसतंय."

"घरचं भांडण घरी करा," तपासनीस म्हणाला.

डबा हसायला लागला. इतक्यात त्या गृहस्थांची खरी बायको पिशवी उगारत आली. मग मला सरळ बोलावंच लागलं. "वारले हो माझे. गेल्या वर्षी." तो शब्द पहिल्यांदा उच्चारला, तोही तिकीट दाखवता दाखवता. तपासनीसाने टोपी काढली, घातली, नि हळूच विचारलं, "मग जोडीचं तिकीट का घेतलंत?"

"स्वस्त पडतं."

आधी ती बाईच हसली. तिने नवऱ्याला माझ्यासमोर बसवलं, म्हणाली, "शेवटच्या स्टेशनपर्यंत हे वापरा." तपासनीसाने तिकिटावर शिक्का मारला. गृहस्थ पंख्याबद्दल बोलत राहिले, मी तुमच्या भावाबद्दल. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही. फार बरं वाटलं.

असो. एवढी शोभा झाल्यावर या शहरात माझं एकटीचं निभत नाही, हे नक्की झालं. सोमवारी निघते. जपून राहा.

तुमची भावजय

ता. क. सोमवारी निघत नाही. हिंडणं जमतं मला, उगाच बोलले. लेकीला सांगितलं, कायमची राहणार नाही, पण महिनाभर हलणारही नाही. ती रडली, मग जेवली.

आणखी ता. क. मुख्य काम राहिलंच. तुम्ही इकडे या. गुडघ्याची सबब नको, गाडीत बसायचंच तर असतं. एकटीला ते तिकीट मिळत नाही, हे एक. दुसरं असं की घरी आपण एकमेकींना इतक्या जपतो की त्यांचा विषयच निघत नाही, आणि मला आता बोलायचं आहे. मला ते लग्नापासूनचेच माहीत, त्याआधीचे सगळे तुमच्याकडे आहेत. त्या टकल्या गृहस्थांना पुन्हा याल का म्हणून विचारून पाहिलं. ते तयार होते, बायको नाही म्हणाली.