भिंतीला टेकलेलं जनुक

२ जानेवारी
नवी वही. संकल्प तीन. रोज लिहिणे. बिस्किटं बंद. मार्चमध्ये संस्थेच्या समितीसमोर माझा सिद्धांत मांडणे. प्रयोगशाळेतलं कंत्राटही मार्चमध्येच संपतंय, पण अकरा वर्षं वाढत आलंय, आताही ओघाने वाढेल.

सिद्धांत बायकोला समजावला. पेशी मेंदूची असो की यकृताची, आत जनुकं तीच. फरक एवढाच, की केंद्रकाच्या खोलीत कोण कुठे बसलंय. मधोमध बसलेली बोलतात, भिंतीला गेलेली गप्प. कोण बोलतं नि कोण गप्प, त्यावर पेशीची ओळख ठरते. ती म्हणाली, मग बिस्किटांचा डबा मी कपाटात मागच्या भिंतीला सरकवते. शास्त्र तिला लगेच पटलं!

९ जानेवारी
प्रयोग सुरू. एक बोलकं जनुक निवडलंय, बोलत असलं की पेशी हिरवी चमकते. त्याला प्रथिनाच्या गोंदाने भिंतीला चिकटवलं. आता चमक गेली की मी जिंकलो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायला गेलो, तर त्या फोनवर. हातानेच नंतर या म्हणाल्या. मोठ्या बातमीला घाई नको.

डबा हात लांब केला की सापडतो. एकच खाल्लं.

१७ जानेवारी, सकाळी
माझं टेबल हलवलं. खोलीच्या मधोमध होतं, आता मागच्या भिंतीला, फ्रीजरशेजारी. जुन्या जागी पीएचडीची नवी मुलगी. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला शांतता हवी असते ना. माणसाची पारख आहे बाईंना. फ्रीजर घरघरतो, पण एकाग्रतेला बरा.

२८ जानेवारी, दुपारी
चमक गेली!!! एकच पेशी धरली, चमक दिसायला लागणारा लेझर चालू ठेवला, जागचा हललो नाही. डोळ्यांदेखत हिरवा रंग फिका फिका होत विझला. जनुकाची बोलती बंद. बिस्किटं पाच. आनंदाची मोजायची नसतात.

६ फेब्रुवारी
मीटिंग. खुर्च्या कमी, मी दाराशी भिंतीला टेकून. तीनदा तोंड उघडलं, तीनदा दुसऱ्याच कोणीतरी विषय काढला. ऐकणं ही पण कला आहे.

नंतर नवी मुलगी टेबलापाशी आली. मधोमध असलेलं जनुकही तेवढाच वेळ लेझरखाली धरून पाहिलंत का सर, म्हणे. अजून दुधाचे दात पडले नाहीत आणि मला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, शिकवते! वर आणखी एक प्रश्न. भिंतीला गेलं म्हणून गप्प होतं, की आधीच गप्प झालेलं भिंतीकडे सरकतं? हसलो. किती बाळबोध. झोप मात्र उशिरा लागली. चहा जास्त झाला असणार.

१९ फेब्रुवारी
पोरीने परस्पर करून पाहिलं. मधोमधचंही विझलं. म्हणजे गप्प कोणीच झालं नव्हतं. लेझरच्या माऱ्याने चमक उडाली, उन्हातल्या पडद्याचा रंग उडतो तशी. मग तिने लेझर जरा जराच वेळ लावून पाहिलं. माझं भिंतीचं जनुक ठणठणीत बोलत होतं.

हट्टी जनुक. अपवाद म्हणायचा. समितीसाठी २८ जानेवारीचाच, त्या पेशीचा फोटो ठेवलाय. त्यात खोटं काय? विझलेलं तर दिसतंच आहे.

३ मार्च
बायको म्हणाली, डबा मागच्या भिंतीला होता, तरी रिकामा कसा? म्हटलं, तोही अपवाद. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

११ मार्च
समिती. नवा शर्ट. माझी पाळी शेवटची. ऐनवेळी मॅडम म्हणाल्या, वेळ कमी आहे, भिंतीचं काम ही मुलगीच दाखवेल. तिने माझं नाव आधी घेतलं. राग यायला हवा होता. आला नाही, वाईट वाटलं.

दोन फिल्म दाखवल्या. पहिलीत माझं चिकटवलेलं जनुक, अजून बोलतंय. दुसरीत एक पेशी आपली ओळख बदलतेय. त्यात एक जनुक आधी गप्प झालं, आणि मग हळूहळू, कोणी न चिकटवता, भिंतीशी जाऊन बसलं. टाळ्या.

समितीतल्या एकाने विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? सगळे वळले. तोंड उघडलं. फ्रीजरशेजारी इतके दिवस मनात पाठ केलेलं भाषण, त्यातला एक शब्द आला नाही. फोटो खिशातल्या पेनड्राइव्हमध्येच राहिला. तेवढं बरं झालं.

१२ मार्च
कंत्राट वाढलं नाही. मॅडम चांगुलपणाने बोलल्या. एवढंच विचारलं, की शेवटचा लेख कधी छापून आला होता. त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी.

खोक्यात सामान भरून घरी आणलं. डबा ओट्यावर, समोरच होता, भरलेला. बायकोने स्वतःच झाकण काढून दिलं. टेबल भिंतीला नेलं तिथेच सगळं बिघडलं ना, असं तिने विचारलं. बिचारी माझाच सिद्धांत मला आधाराला देत होती.

मी म्हटलं, नाही गं. टेबल नंतर हललं.