बाराव्या खेपेतली लेक

मी, बांग चोम-रे, कै. प्यो मान-सॉक यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, धंदा नावाडीण, राहणार दोल्मोरी, नाकतोंग नदीचा पूर्व काठ, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे तालुक्याच्या कारकुनाने सांगितले. त्याने नमुना करून देताना धंद्यापुढे "घरकाम" लिहिले होते, ते मी खोडायला लावले. कोणाच्या दबावाखाली मी लिहीत नाही. दबाव आणायला माझे दोन पुतणे परवा आले होते. त्यांना भोपळ्याची लापशी खाऊ घालून मी परत पाठवले. अक्षर वाकडे आहे, ते वाचणाऱ्याने चालवून घ्यावे. मी पंचेचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकले आणि मला शिकवणारी त्या वेळी तिसरीत होती.

एक. राहते कौलारू घर, मागचे आवार, पर्सिमनची दोन झाडे आणि नदीकाठचे तिळाचे शेत ही सर्व मिळकत माझी मुलगी प्यो दाल्ले हिला मिळावी. तिच्यानंतर तिच्या मुलांना. यात दुसऱ्या कोणाचाही वाटा नाही.

पुतण्यांचे म्हणणे असे की दाल्ले प्यो घराण्याच्या रक्ताची नाही, म्हणून घर घराण्यात परत यावे. ती रक्ताची नाही हे खरे आहे. मी ते कधी लपवले नाही, तिच्यापासूनही नाही. पण ती या घरात कशी आली हे पुतण्यांना त्यांच्या बापाने सांगितलेले दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला सैन्याने नेले. बंदूक द्यायला नाही; तो चाळिशी ओलांडलेला होता. पाठीवरच्या लाकडी घोडीवर तोफगोळे बांधून डोंगर चढायला नेले. जाताना त्याने नाव माझ्या हवाली केली. पेरणीच्या दिवसांत ती मीच चालवत असे, त्यामुळे सांगण्यासारखे काही नव्हते. एवढेच म्हणाला, "वल्हे आत घेत जा, वाळतं."

ऑगस्टमध्ये आपले सैन्य मागे हटून आमच्या काठावर आले. गाव खाली करण्याचा हुकूम झाला आणि नदीवरची प्रत्येक नाव दुपारपर्यंत नष्ट करण्याचा दुसरा. माझे धाकटे दीर मान-गिल, म्हणजे या पुतण्यांचे बाप, रॉकेलचा डबा घेऊन धक्क्यावर आले. लेफ्टनंट तिथेच उभा होता, पंचविशीचा असेल. मी त्याला म्हटले की जाळली तर धूर होईल आणि तुमची जागा पलीकडच्यांना कळेल, त्यापेक्षा दगड भरून बुडवते. त्याला ते पटले. मी आणि शेजारची मीठवाली हान यांग-सून, आम्ही दोघींनी दगड वाहिले. भावोजी नावेचा चांगला दोर खांद्यावर टाकून बैलगाडीत बसले आणि दक्षिणेकडे गेले. यांग-सून गेली नाही. तिची गाभण गाय चालायला तयार नव्हती, असे ती अजून सांगते. मला ते खरे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाचा पूल उडवला. पुलाकडे निघालेली माणसे मग आमच्या समोरच्या वाळूवर जमू लागली. म्हातारी, पोरेबाळे, डोक्यावर गाठोडी. त्यांच्या मागे चार कोसांवर शत्रूचे रणगाडे होते. त्यांना नदीवर काही दिसत नव्हते, तरी ती सगळी एकच हाक मारत होती, "नाव! ओ नाववाले!"

माझे सासरे म्हणत, पलीकडून हाक आली की नावाड्याने घास खाली ठेवून उठायचे. मी पाण्यात उतरले. छातीइतक्या पाण्यात बुडी मारून एकेक दगड बाहेर काढायला सकाळ गेली. यांग-सून बादलीने पाणी उपसत होती. नाव तरंगली तेव्हा लेफ्टनंट धावत आला.

"ही बुडवायला सांगितली होती ना?"

"बुडवली की, साहेब. वर काढू नका, असं कोणी म्हणालं नव्हतं."

त्याने पिस्तूल काढले. मी वल्हे हातात घेतले, कारण दुसरे काही सुचले नाही. पलीकडून हाका चालूच होत्या. त्या त्यालाही ऐकू येत होत्या. त्याने पिस्तूल खाली केले आणि तो म्हणाला, "उतरणाऱ्या प्रत्येकाची झडती घेईन. एकाकडे जरी हत्यार सापडलं, तर त्याच्याबरोबर तुलाही उभी करीन."

"करा," मी म्हटले. "पण झडती लवकर घ्या. नाव अडवून धरू नका."

पंधरा माणसांच्या नावेत मी तीस-तीस घेतली. गाठोडी वाळूवर टाकायला लावली. एका पंडितजींनी पूर्वजांच्या नावांच्या पाट्या सोडायला नकार दिला, तेव्हा पाट्या त्यांच्या मांडीवर आणि एक परके मूल पाट्यांवर, असे त्यांना आणले. मी कोणाकडून काही घेतले नाही. हत्यार एकाकडेही निघाले नाही. एका म्हातारीच्या कमरेला कोयता सापडला; लेफ्टनंटने तो पाहिला आणि पुढच्याला बोलावले. अकरा खेपा झाल्या. हाताची सालटी वल्ह्याला चिकटली होती. हे मी अभिमानाने लिहीत आहे. त्या दिवशी या नदीवर दुसरी नाव नव्हती.

बाराव्या खेपेला नाव काठोकाठ भरली होती. एक तरुण बाई पाण्यात कमरेइतकी उतरली आणि तिने तीन-साडेतीन वर्षांची मुलगी माझ्या पायांशी ठेवली. मागे वाळूवर तिची सासू बसली होती, तिला चालता येत नव्हते. बाई म्हणाली, "हिला आधी न्या, ताई. मी सासूबाईंना पाठीवर घेते आणि पुढच्या खेपेला येते."

मी म्हटले, "ये. मी आलेच."

आम्ही मध्यावर असताना तोफा सुरू झाल्या. काठाला लागलो. माणसे उतरल्याबरोबर दोन सैनिकांनी नावेचा तळ कुऱ्हाडीने फोडला. मी त्यातल्या एकाच्या हाताला चावले. लेफ्टनंटने मला मागे ओढले. तो ओरडला नाही. "पुरे, वहिनी. आता पलीकडे कोणी उरणार नाही," एवढेच म्हणाला. मला आणि मुलीला त्यानेच खंदकात ढकलले.

मुलीला आईचे नाव सांगता येत नव्हते. स्वतःचे नाव तेवढे तिला ठाऊक होते: दाल्ले. वसंतात बांधावर रानकांद्याची कोवळी पात उगवते ना, तेच नाव. मी ते बदलले नाही.

हिवाळ्यात नवरा परत आला, डावा खांदा कायमचा खाली झुकलेला. अंगणात मुलीला पाहून त्याने विचारले, "ही कोण?"

"बाराव्या खेपेतली."

"मग उतरली का नाही?"

त्याने तिला उचलून उजव्या खांद्यावर घेतले आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीत जाऊन तिचे नाव आमच्या कुटुंबाच्या नोंदीत लावले. आम्हाला मूल नव्हते. सोळा वर्षे तो तिचा बाप होता, आणि शेवटच्या आजारात त्याने पाणी मागितले ते तिच्याच हातून. रक्त म्हणजे काय, हे पुतण्यांनी मला समजावू नये.

दोन. माझे दीर प्यो मान-गिल यांना त्यांचा रॉकेलचा डबा परत द्यावा. तो मी फडताळावर ठेवला आहे, कोणी हात लावलेला नाही. लढाईनंतर मी शत्रूची माणसे उतरवली, अशी खबर त्यांनी ठाण्यात दिली आणि मी एकोणीस दिवस आत बसले. ते मी माफ केले आहे. पण धक्क्यावर स्मारकाचा दगड बसवला, त्या दिवशी "आमच्या घराण्याने नाव चालवली" असे भाषण त्यांनी केले, ते केलेले नाही. घराण्याने नाही. मी चालवली. तरी यंदा थंडीत मी पडून असताना त्यांनी रोज सकाळी माझ्या चुलीला जाळ घालून दिला, हेही खरे आहे, आणि मृत्युपत्रात खरेच लिहावे लागते.

तीन. सोयाबीनच्या आंबवणाचे तिन्ही मोठे रांजण हान यांग-सून हिला. दाल्लेला ते नीट जमत नाही, तिने वाईट वाटून घेऊ नये. टपाल बचतीत जे असेल ते माझ्या अंत्यविधीला वापरावे. उरेल ते दाल्लेच्या थोरल्या मुलीच्या सुईणीच्या शिक्षणाला द्यावे.

चार. लढाईनंतर नवऱ्याने बांधलेली नाव शाळेला द्यावी. नवा पूल झाल्यापासून ती पालथी पडून आहे. तिच्यात फुलझाडे लावू नयेत. मुलांना वल्हवायला शिकवावे.

पाच. माझ्या थडग्यावर "प्यो यांची पत्नी" एवढेच कोरू नये. आमच्या गावात बायकांना नावे नसतात; मला जन्मभर माहेरावरून ओक्सानवाली म्हणाले. दगडावर बांग चोम-रे, नावाडीण, असे कोरावे.

सहा. हे कलम दाल्लेसाठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात राजधानीत दूरदर्शनवर लढाईत ताटातूट झालेली माणसे एकमेकांना शोधत होती. तू जायला तयार नव्हतीस. "माझी आई इथे आहे," म्हणालीस. मीच तुझ्या गळ्यात पाटी बांधून तुला पाठवले. पाच दिवस तू उन्हात उभी राहिलीस. एका म्हातारीने तुला मिठी मारली, पण तिच्या मुलीच्या पाठीवर भाजल्याची खूण होती आणि तुझ्या नाही. तुम्ही दोघी शेवया खाऊन निरोप घेऊन निघालात. ती अजून तुला पत्र लिहिते, त्याला उत्तर देत जा.

तुझी आई कधी आली, तर माझी खोली तिची. तिला सांग की नाववाली यायला निघाली होती.

आणि एक काम मी तेहतीस वर्षे गुपचूप करत आले, ते आता तू करायचेस. ऑगस्टमधल्या त्या तारखेला झाकणाच्या पितळी भांड्यात भात भरून, चुलीची ऊब लागते त्या जमिनीवर, गोधडीखाली ठेवायचा. पूर्वजांच्या नैवेद्यात त्याला ठेवू नये, नैवेद्य गेलेल्यांचा असतो. हा वाटेत असलेल्या माणसाचा भात आहे. तो गरम राहिला पाहिजे.

वरील सर्व मी लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले आणि शिक्का मारला. शिक्क्यावर माझेच नाव आहे.

बांग चोम-रे (शिक्का)

साक्षीदार:
१. हान यांग-सून, दोल्मोरी. अंगठा. (म्हणते, गाय खरोखरच गाभण होती.)
२. कुक ताए-बोंग, शाळेचे मुख्याध्यापक, दोल्मोरी. सही.

स्थळ: दोल्मोरी, जुना धक्का
दिनांक: १७ मार्च १९८४