दोन चमच्यांचं पाप

१६ मे, गुरुवार

प्रिय धाकट्या,

बारा मे, रविवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. घड्याळ तूच पाहिलंस, म्हणून वेळ माझ्याही लक्षात राहिली. आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, चर्चमधला ख्रिस्तप्रसाद, पोचवायचं काम फादरांनी तुझ्यावर सोपवलंय आणि तू आठला येणार होतास. आपली मोठी ताई सातपासून डोक्याला पांढरा रुमाल बांधून, उशीला टेकून बसली होती. साडेनऊला तिचे हात थरथरायला लागले, म्हणून मी दुधात बुडवलेला पाव दोन चमचे भरवला. साखरेचं दुखणं आहे तिला, तुझ्यासारखी ठणठणीत नाही ती. तू आलास, माझ्या हातातली वाटी पाहिलीस, मग मनगट पाहिलंस. "तासभर आधी पोटात काही जाता कामा नये, ताई. नियम आहे." एवढं बोलून प्रसादाची ती सोनेरी डबी परत खिशात घातलीस आणि जिना उतरलास. छत्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात भल्याभल्या डॉक्टरांना गप्प बसवणारी मी, वाटी खाली ठेवून ताईचं तोंड पुसायला लागले.

अरे शहाण्या, आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्स अर्धवट पाठांतर करणारीला बाकावर उभं करत. तू तर नियमाची पहिली ओळ वाचून थेट अधिकारीच झालास. मी फादरांना विचारलं. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना ती अट लागूच होत नाही. तू काय केलंस ते ऐकताना बिचाऱ्या फादरांचे कान लाल झाले. तुझे होणार नाहीत.

आणि तुझ्या स्वतःच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी काय झालं होतं रे? तेव्हा तर अट तीन तासांची होती. नव्या पांढऱ्या शर्टात, फळीवरच्या डब्यातली साखर चाटताना ताईने तुला पकडलं. तिने हनुवटी पुसली, कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "पळ, उशीर होतोय." कुणालाच सांगितलं नाही. मी दाराआडून पाहिलं, म्हणून मला माहीत.

तुझी लेकही येऊन गेली. "आत्या, मी पप्पांसारखी रिलिजियस नाही, मी स्पिरिच्युअल आहे," म्हणाली. म्हटलं, बरं झालं, घरात कुणीतरी निघालं! तिने सुगंधी मेणबत्ती लावली, ताईच्या उशाशी डोळे मिटून बसली, खोलीत किती शांती जाणवते ते मला समजावून सांगितलं. तेवढ्यात ताईची चादर ओली झाली. बाईसाहेबांना एकदम काम आठवलं. तुला नियम हवा, तिला शांती हवी आणि दोघांनाही ताईचा वास नको. चादरी मी धुते, आणि धुताना तुम्हा दोघांना जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईने मात्र तुझ्याविरुद्ध एक अक्षर काढलं नाही. तू गेल्यावर तिने पहिलं काय विचारलं? "एवढे जिने चढून आला, त्याला पाणी दिलंस का गं?" माझ्या आयुष्यातल्या सगळ्या प्रवचनांपेक्षा त्या वाक्याने मला जास्त लाज आणली. आणि राग तर असा आला की विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. सोमवारपासून ताई सकाळी तोंडात काहीच घेत नाही. तू कधी येशील याचा नेम नाही, म्हणून दुपार उलटेपर्यंत उपाशी राहते. काल साखर उतरून न्हाणीच्या दारात कोसळली. फादर स्वतः डबी घेऊन आले, म्हणाले, खाल्लंत तरी देवाची काही हरकत नाही. तर ती हसून म्हणाली, "देवाची नसेल हो, पण धाकटा आला आणि परत गेला तर?" तिला कम्युनियन तुझ्याच हातून हवंय. तेव्हा शनिवारी दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवं, तुझ्या अक्षरात, तिला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात: "ताई, पोटभर खा, मी रविवारी येतो." फोन करू नकोस, मी तुला पढवलं असं तिला वाटेल. खुलासे लिहू नकोस. फादरांचं तिने ऐकलं नाही, माझं तर ती जन्मात ऐकत नाही. तुझं ऐकेल, आणि माझी सगळी चीड त्याचीच आहे.

तुझीच,
मधली