थोरल्या काकांचा नसलेला पाइप

अण्णा, तो तंबाखूचा पाइप सध्या माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात ती दौलताबादहून आली, पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आपल्या गारखेड्याच्या घरातल्या ओट्यावर ठेवलं. तिच्या हातून तो फरशीवर पडला होता. तुम्ही बसवलेली पितळी कडी निसटली होती आणि तिच्याखालची जुनी चीर पुन्हा उघडली होती. "तूच कर," ती म्हणाली. "काकांनी कसं केलं ते तू बघितलंस की." बघितलं होतं. दारात उभं राहून, चार रविवार, तिच्या काकांना, म्हणजे माझ्या वडिलांना. तिला काही खोचक म्हणायचं नव्हतं, तसं तिला बोलताच येत नाही. पण मला ते लागलं, आणि पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला असं लागावं याची लाज वाटून मी चहा टाकला.

ती तुमच्या थोरल्या भावाची मुलगी, हे तुम्हाला कशाला सांगायचं? पण मी स्वतःलाच पुन्हा सांगते आहे. थोरले काका किल्ल्यावर प्रवाशांना माहिती सांगत फिरायचे आणि कुणा परदेशी पाहुण्यानं दिलेला पाइप तोंडात धरून रुबाबात फोटोला उभे राहायचे. ते वारले, आणि काकूनं घर आवरताना तुटक्या सामानाबरोबर तो पाइपही भंगारात दिला. ती आपल्याकडे शिकायला आली तेव्हा अकरा वर्षांची होती, मीही अकराचीच. आल्याच्या तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "काका, भंगारवाला सामान कुठं नेतो?"  रविवारी मला सायकलच्या मागं बसवलंत आणि शहागंजला नेलंत.

जुन्या सामानाची दुकानं आपण एकेक करून धुंडाळतोय. काकांचा पाइप कुठंच नाही. शेवटच्या दुकानात कुलपांच्या ढिगातून म्हातारा दुकानदार एक पाइप काढतो, वाटी जळून काळी पडलेली, नळी शेवाळासारखी हिरवट, मान चिरलेली. "साब, पुलिस ॲक्शन के बखत का माल है, निजाम गया तब का. बडे साब का. ऐसा अब मिलताच नई." तुम्ही तो उन्हात धरून फिरवता. "बडे साब का है तो गर्दन कायकू टूटी इसकी?" "बडे साब बी तो गिरे होंगे ना, साब!" तुम्ही इतके मोठ्यानं हसता की मी बघतच राहते. घरी तुम्ही असे हसत नव्हता. परतताना सायकल थांबवून तुम्ही म्हणालात, "हा थोरल्या काकांचा नाय, हे तिला सांगायचं नाय बरं का. आपल्या दोघातच." घरापर्यंत मी जगातली सगळ्यात मोठी माणूस होते.

घरात शिरताच तुम्ही हाक मारलीत, "माय, ए माय, बघ काय घावलं!" घरातल्या पोरीला माय म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. मला मात्र तुम्ही नावानंच हाक मारायचात, आणि तीही बहुतेक पाणी आणायला. तिनं पाइप दोन्ही हातांत घेतला. तुम्ही म्हणालात, "फुटलाय जरा. आपण नीट करू." तुम्ही कचेरीत कागद हाताळणारे माणूस, घरात खिळा ठोकायलासुद्धा शेजाऱ्याला बोलवायचात. तंबाखू तर आयुष्यात शिवला नाहीत. आणि आता पोतं अंथरून स्वयंपाकघरात बसलात, ती तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून. वाटीतली काजळी चाकूच्या टोकानं खरवडलीत. मग तिच्यात मीठ भरलंत, वर दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट थेंब थेंब सोडलंत. दुसऱ्या दिवशी मीठ चहासारखं तपकिरी झालेलं. आई म्हणाली, "आख्खं घर इंजेक्शनावानी वास मारायलंय. जेवायचं का सुई टोचून घ्यायची?" तुम्ही दोघं हसलात. तुम्ही दोघं, म्हणजे तुम्ही आणि ती.

नळी घासायचं काम तिला मिळालं. ओला पॉलिश पेपर, मग दंतमंजन. "गोल गोल घास, माय. दाबू नको." मी म्हटलं, मला द्या. तुम्ही दिलीत. मी हाताला लागला तो पेपर घेतला, तो खरखरीत होता, आणि दोन रेघांत नळीवर ओरखडा उठला. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "तुला सगळ्याचीच घाई. जा, अभ्यास कर." आवाज चढवला नव्हता तुम्ही. चढवला असता तर बरं झालं असतं. तिला तुम्ही मन लावून शिकवत होता, मला फक्त दूर सारलंत. नंतरचे सगळे रविवार मी दारातूनच पाहिले, आणि इतकं टक लावून पाहिलं की अभ्यासाचं पुस्तकसुद्धा कधी तसं पाहिलं नव्हतं. जुन्या छत्रीच्या दांड्याची पितळी कडी तुम्ही तापवून मानेवर चढवलीत, चीर झाकली. शेवटी सगळ्यावर खोबरेल तेल चोळलंत, वाटीच्या आतूनसुद्धा. लाकूड म्हटलं की आपल्याकडे खोबरेल.

पाइप तिच्या हातात दिलात तेव्हा तिनं तो आधी नाकाशी नेला. वाटीत नाक घालून डोळे मिटले. तुम्ही पुढं झुकून बघत होतात. "तसाच हाय, काका," ती म्हणाली, आणि तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिला सांगून टाकलं. आपल्या दोघातलं. "तुझ्या बाबाचा नाय तो. शहागंजातला कुणाचा तरी उष्टा हाय." तिनं हातातला टॉवेल आधी नीट दोरीवर टाकला. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "बाबाच्या पाइपाला बाबाचा वास होता. ह्याला खोबऱ्याचा येतोय." मग माझ्याकडे वळून, "काकांना सांगू नको गं. लई खपले ते ह्याच्यापायी." मी तिला रडवायला गेले होते, अण्णा. आणि ती तुम्हाला सांभाळत होती.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी होते. ती शाळेत शिकवते, परीक्षेच्या गडबडीत तिला सुट्टी मिळत नव्हती. मला वाटलं, आता तरी मीच. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "तिला कळलं तर नाय ना कधी? पाइपाचं?" मी म्हटलं, "नाय अण्णा." तुम्ही समाधानानं कूस बदललीत. मला तुम्हाला विचारायचं होतं, माझ्याबद्दल तुम्हाला कधी काय कळलं? पण तुम्हाला झोप लागली होती.

पाइप घेऊन आली त्या दिवशी ओट्यापाशी चहा पिताना मी तिला म्हटलं, "एवढी काय काळजी करतीस, तुझ्या बाबाचा थोडाच हाय?" ती म्हणाली, "बाबाचा असता तर कपाटात ठिवला असता. हा काकांच्या हातचा हाय, म्हणून टेबलावर ठिवते." तुमचा चष्मा माझ्याकडे आहे, घड्याळ आहे, पेनं आहेत. सगळं विकतचं. तुमच्या हातचं या जगात एवढंच आहे, आणि ते तिच्या टेबलावर असतं.

तर मी तो केला. फोनवर व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस सांगत होता, खोबरेल अजिबात लावू नका, खवट होतं. मी लावलं. चिरेत लाकडाचा भुसा आणि गोंद भरला, कडी तापवून चढवली. ती पहिल्याच वेळी बसली. नळीवरचा माझा ओरखडा हाताला लागला, तो तसाच राहू दिला. कशाचीही घाई केली नाही. तुम्ही पाहायला हवं होतं.

काल तिचा फोन आला. "झाला का गं?" मी म्हटलं, "अजून नाय. गोंद वाळायचाय." "वाळू दे, वाळू दे, घाई नको करू," ती म्हणाली.

हा गोंद अर्ध्या तासात वाळतो, अण्णा. आज बारा दिवस झाले.