दारामागच्या तपकिरी कोटाविषयी

पाइन नॉब, केंटकी
सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७, दुपारी पावणेतीन

चिरंजीव हॉबर्ट यास,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तुझा गुडघा आणि सौ. आयव्हीचा खोकला आटोक्यात असावेत, असे गृहीत धरतो. पुढे वाचण्यापूर्वी एक कर. तुझ्या दारामागे खुंटीवर असलेल्या तपकिरी कोटाच्या उजव्या खिशात हात घालू नकोस, आणि नात जोसी शाळेतून आल्यावर तिला त्या दाराकडे फिरकूही देऊ नकोस. तो कोट माझा आहे व त्या खिशात भरलेले रिव्हॉल्व्हर आहे. (वाऱ्याने टेलिफोनची तार शनिवारपासून तुटलेली आहे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे मला गाडी चालवण्यास मनाई आहे. शाळेची बस तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या फाटकावरून जाते. बस चालवणारी बर्था, जोसीला उतरवण्याआधी, हे पत्र तुझ्या हाती देईल.)

आता हकीकत क्रमाने सांगतो, कारण अर्धवट सांगितलेली हकीकत ऐकणाऱ्याला भलतीकडे नेते.

ऑगस्टात पोस्टाबाहेर एका दांडगटाने मला ढकलून हातातली पिशवी हिसकावली, हे तुला ठाऊक आहे. (पिशवीत चर्चचे पत्रक होते, मी नुकतेच शुद्ध केलेले.) त्यानंतर पोस्टात मी रस्ता रिकामा असेल तेव्हाच जाऊ लागलो, हे मात्र तुला ठाऊक नाही. मी शस्त्राचा विषय काढला तेव्हा भर जेवणात, आयव्हीच्या देखत, तू म्हणालास, “आल्टन, पहिली गोळी तुझ्याच पायात जाईल बघ. शहाण्या माणसाला असली खेळणी लागत नाहीत.” ‘शहाण्या’ हे विशेषण मला लागले.

परवाना काढून मी ड्वेन स्कॅग्जच्या दुकानात गेलो. त्याला मी शाळेत व्याकरणात दोनदा नापास केले होते आणि ते त्याने मनात जपून ठेवले आहे. त्याने दाखवलेले पहिले रिव्हॉल्व्हर लांब नळीचे होते. ते खिशात ठेवून बसलो, तर नळी बरगडीत रुतली. दुसरे पिसासारखे हलके होते. “उडवल्यावर मनगट झिणझिणेल हं, मास्तर,” ड्वेन आनंदाने म्हणाला. तिसरे वजनदार असल्यामुळे पट्टा असूनही माझी विजार खाली घसरली. चौथ्याचा घोडा, म्हणजे मागचा खटका, बाहेर आलेला होता. आरशासमोर ते झटक्यात बाहेर काढताना खिशाचे अस्तरही सोबत आले. (अस्तर आयव्हीने शिवून दिले. कसे फाटले ते तिने विचारले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.) शेवटी आखूड नळीचे, घोडा आत झाकलेले, पाच गोळ्यांचे निवडले. त्याचा चाप इतका ताठ की मला दोन बोटे लावावी लागतात. “तुमच्या घराण्यात हेच चालतं, मास्तर,” ड्वेन म्हणाला. ते मी दुकानदाराचे गोड बोलणे समजलो.

(तीन वाजून पाच मिनिटे.)

त्याने एक नियम शिकवला: ज्या खिशात शस्त्र, त्यात दुसरे काहीही नाही. म्हणून माझा उजवा खिसा शस्त्राचा आणि पेपरमिंटच्या गोळ्या डाव्यात. तुझ्या पेपरमिंट मात्र नेहमी उजव्यात असतात, आणि जोसी न विचारता हात घालते.

काल चर्चच्या जेवणानंतर तळघरातल्या खुंट्यांवर एकाच दुकानातले एकोणीस तपकिरी कोट होते. कॉलरवर नाव घालणे म्हणजे शेजाऱ्यावर चोरीचा आळ घेणे, असे आपल्याकडे मानतात. ही सभ्यता आज मला महाग पडली आहे. तासापूर्वी मी उजव्या खिशात हात घातला आणि पेपरमिंट बाहेर आली. तेव्हापासून मला बसवत नाही.

चूक माझी आहे. तू म्हणालास ते खरे ठरले, पायापुरते नव्हे इतकेच.

तुझा थोरला भाऊ,
आल्टन बर्डव्हिसल

ता.क. कोट बर्थाकडे देऊ नकोस. बसमध्ये मुले असतात.

ता.क. २. फाटकाकडे निघण्यासाठी तुझा कोट अंगात घातला. डावी बाजू जड लागली. आखूड नळी, झाकलेला घोडा, पाच गोळ्या, वर ड्वेनच्या दुकानाची चिठ्ठी अजून दोऱ्याने बांधलेली. तारीख जून महिन्याची आहे, हॉबर्ट. म्हणजे ज्या जेवणात तू मला शहाणपण शिकवलेस, त्या जेवणातही ते तुझ्याजवळच होते. आयव्हीला मी सांगणार नाही. मात्र उद्या सकाळी आपण दोघे ही दोन्ही ड्वेनच्या फळीवर परत ठेवणार आहोत. तो हसेल. हसू दे.

ता.क. ३. बस वळणावर दिसते आहे. हे पत्र बर्थाकडे देत नाही. मीच चढतो आणि जोसीच्या आधी उतरतो. तुझा कोट कपाटात कुलूपबंद केला आहे. थंडी आहे, पण मी नुसत्या सदऱ्यावर येतो, कारण जोसी माझ्याच शेजारी येऊन बसेल आणि तिला आपल्या दोघांचेही खिसे पाठ आहेत. दार उघडशील तेव्हा मला आधी खुंटीपर्यंत जाऊ दे. पत्र नंतर सावकाश वाच. त्यात अशुद्ध काही आढळलेच, तर ते घाईचे आहे, माझे नव्हे.